टाकीचे घाव आणि मुलांच्या पाठी

तुमच्या घरात जिम्नॅस्टिक्सला जाणारं मूल असेल, तर शाळेच्या दिवसातली रात्र कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. साडेआठला जिम सुटते. मूल गाडीत मागच्या सीटवर बसतं, डब्यातला गार झालेला पराठा खातं आणि दिव्यांच्या येत्या-जात्या उजेडात गृहपाठ उरकायला बघतं. आपण आरशातून एकदा मागे बघतो, "कसं झालं गं आज?" असं विचारतो. "गुड" एवढं उत्तर आलं की आपलं समाधान होतं आणि आपण उद्याच्या मीटिंगचा विचार करायला मोकळे होतो. आमच्या घरी हे चार वर्षं असंच चाललं होतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीतल्या अशाच एका रात्री माझी अकरा वर्षांची मुलगी मागून म्हणाली, "आई, माझी पाठ दुखतेय." त्यावर मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "मग शनिवारच्या मीटचं काय?"

त्यात वाईट हेतू नव्हता. हॉटेल बुक झालेलं, नवऱ्याने रजा टाकलेली, एन्ट्री फी भरलेली. शिवाय गेल्या दोन मीट तिच्या चांगल्या झाल्या होत्या. पण तिने दुखणं सांगितलं आणि मी वेळापत्रक विचारलं. ती म्हणाली, "इट्स फाइन," आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. शनिवारी ती मीटला उतरली. बीमवर तिला चांगले गुण मिळाले, आम्ही फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले. पुण्याहून अंगठे आणि फुलं आली.

आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते माझ्या त्या एका प्रश्नाबद्दल. एखादं मूल जेव्हा दुखतंय म्हणतं, तेव्हा त्यावर कोणी, कधी आणि किती विश्वास ठेवायचा? आणि त्याला स्वतःलाच थांबायचं नसेल, तर त्याच्या शरीराचा निर्णय कोणाचा?

तिची पाठ त्याआधी तीन आठवड्यांपासून दुखत होती, हे आम्हाला नंतर कळलं. आणि ते कळलं माझ्या आईमुळे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नात नेहमीसारखी सोफ्यावर लोळत नव्हती, ताठ बसली होती, हे आजीच्या लक्षात आलं. मी म्हटलं, पाठ जरा दुखतेय. आईने फोन नातीकडे द्यायला सांगितला आणि विचारलं, "बाळा, अंग आंबल्यासारखं होतं की ठणकतं? की मधूनच चमक येते? पुढे वाकलीस की दुखतं, का मागे?"

आमच्या मुलीला मराठी बोलता बेताचंच येतं, पण समजतं पुष्कळ. 'चमक' हा शब्द तिने उचलला. म्हणाली, "चमक. मागे गेल्यावर. एकाच बाजूला."

मी गप्प झाले. चार वर्षं मी तिला "हर्ट होतंय का?" एवढंच विचारत आले होते. त्यावर तिला हो किंवा नाही एवढंच म्हणता यायचं. आणि जिममध्ये 'हर्ट' हा शब्द कोणी हलकेच वापरत नाही, कारण तो वापरला की बाजूला बसावं लागतं. आपल्या भाषेत मात्र दुखण्याची केवढी श्रीमंती आहे! अंग आंबतं, भरून येतं, अवघडतं. पाठीत उसण भरते. पाय ठणकतो, कळ येते, सणक जाते, एखादी जागा नुसती सलत राहते. यातला प्रत्येक शब्द शरीराची वेगळी बातमी देतो. व्यायामाने अंग आंबणं हे मेहनतीचं लक्षण आहे, दोन दिवसांत जातं. मागे झुकताना ठरावीक जागी चमक येणं हे वेगळंच काहीतरी आहे. इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना आपण श्लोक शिकवतो, सणांची नावं शिकवतो. हे शब्दही शिकवायला हवेत असं मला त्या दिवशी वाटलं.

पेडियाट्रिशियनने एक्स-रे काढला. त्यात काही दिसलं नाही. माझ्या मनाने लगेच सुटकेचा निःश्वास टाकला, आणि खरं सांगायचं तर मनात एक चोरटा विचारही आला की पोरगी थोडं वाढवून तर सांगत नाही ना? डॉक्टर मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी तिला एका पायावर उभं राहून मागे झुकायला सांगितलं. ती कळवळली. पुढे एमआरआय झाला आणि नाव कळलं, स्पॉन्डिलोलिसिस.

कमरेच्या मणक्यांच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद भाग असतो. पाठ पुन्हा पुन्हा मागे वाकली, वळली, उंचावरून उतरताना तिच्यावर हिसके बसले, की तिथे हळूहळू बारीक तडा जातो. बहुतेक वेळा हे सगळ्यात खालच्या मणक्यात होतं. एखाद्या पडण्याने नव्हे, तर रोजच्या सरावानेच हे घडतं. जिम्नॅस्टिक्समधला ब्रिज म्हणजे आपलं चक्रासन. पाठीमागे कमान टाकत दोन्ही हातांवर जाणारी बॅक हँडस्प्रिंग ही त्याचीच वेगवान बहीण. एका सरावात अशा किती कमानी होतात ते मोजायला लागलं की आपणच थकतो. खांदे आणि मांड्यांचे सांधे पुरेसे मोकळे नसतील, तर सगळी कमान बिचारी कंबरच पुरवते. आणि वाढीच्या वयात, जेव्हा उंची भराभर वाढते, तेव्हा हाड लांबतं पण स्नायू मागे राहतात. नेमक्या त्याच वर्षांत सरावाचे तास वाढतात.

असा तडा साधारण सहा टक्के लोकांच्या पाठीत सापडतो आणि अनेकांना तो कधी जाणवतही नाही. पण १९७६ मध्ये अमेरिकेत शंभर जिम्नॅस्ट मुलींच्या पाठींची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यात अकरा जणींना तो होता. म्हणजे ही गोष्ट जवळजवळ पन्नास वर्षं माहीत आहे. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही हेही माहीत आहे. लवकर ओळखला आणि काही महिने विश्रांती दिली, तर बहुतेक मुलं खेळात परत येतात हेही माहीत आहे. दुखणं दडपून खेळत राहिलं, तर तडा भरून येण्याची शक्यता कमी होते, आणि काही मुलांच्या बाबतीत मणका पुढे सरकतो. एवढं सगळं माहीत असताना अडतं कुठे? अडतं ते पहिल्या पायरीवर. मूल सांगत नाही, किंवा सांगतं आणि आपण ऐकत नाही.

मी घरी सांगितलं की मुलगी तीन महिने जिमला जाणार नाही. त्यावर बाबांचा फोन आला. माझे बाबा सांगलीला शाळेत असताना तालमीत मल्लखांब करायचे. ते म्हणाले, "अगं, आम्ही खांबावरून पडायचो, तेल चोळायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही."

ही म्हण तुम्हीही ऐकलेली आहे. आपल्यापैकी बहुतेकजण तिच्याच जोरावर या देशात आलो. कुणी उसाच्या पट्ट्यातून, कुणी गिरणगावातल्या चाळीतून, कुणी सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतून. रात्री जागून अभ्यास, जीआरई, दोन सुटकेसी, पहिल्या हिवाळ्यात सेकंडहँड कोट. सोसलं म्हणून मिळालं, हा आपला अनुभव आहे आणि तो खोटा नाही. म्हणून तर मूल "दुखतंय" म्हणालं की आपल्या आतून ती म्हण बोलायला लागते.

पण या म्हणीकडे जरा थांबून बघा. त्यात घाव कोणावर पडतात? दगडावर. दगड वाढत नाही. त्याला दुखत नाही. त्याला मूर्ती व्हायचं आहे का, हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी तो सांगणार नाही. टाकी ज्याच्या हातात असते त्याला मात्र मूर्ती हवी असते. आपण स्वतः सोसलं तेव्हा दगडही आपण होतो आणि टाकीही आपल्याच हातात होती. परदेशात जायचं, उपाशी राहून शिकायचं, हे आपण विशी-पंचविशीत ठरवलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत टाकी कोचच्या हातात, फी आपल्या हातात, आणि पाठ तिची. एकच म्हण दोन्हीकडे लावली की त्यातला हा फरक दिसेनासा होतो.

बाबांच्या तालमीबद्दलही मी पुढे त्यांना खोदून विचारलं. संध्याकाळी एखादा तास मल्लखांब. कधी नुसते जोर-बैठका, कधी कुस्ती. पावसाळ्यात बऱ्याचदा सुट्टी, मे महिन्यात मामाच्या गावी विहिरीत पोहणं. दुखलं तरी फार तर एक गावजत्रेतलं प्रात्यक्षिक चुकायचं. आमच्या मुलीचा सराव आठवड्याला सोळा तास होता, वर्षाचे बारा महिने. बाबा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "सोळा तास? अगं, मग ही तर नोकरीच झाली."

आता या देशाने आपल्याला दाखवलेलं एक दृश्य आठवा. २३ जुलै १९९६, अटलांटा ऑलिंपिक. अमेरिकेच्या मुलींचा संघ सुवर्णपदकाच्या उंबरठ्यावर. केरी स्ट्रग पहिल्या व्हॉल्टला पडली आणि तिचा घोटा दुखावला. ती लंगडत परत गेली, दुसऱ्यांदा धावली, उडी मारली, जमिनीवर उतरली, दुखरा पाय उचलला, परीक्षकांना हात दाखवला आणि कोसळली. ९.७१२ गुण. नंतर कोच बेला करोली तिला उचलून पदक घ्यायला घेऊन आले. ते छायाचित्र साऱ्या जगाने पाहिलं. इथल्या शाळांतून, भाषणांतून, जाहिरातींतून जिद्दीचा नमुना म्हणून ते पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. मीही माझ्या मुलीला त्याचा व्हिडिओ दाखवला होता, ती सात वर्षांची असताना.

त्याच वेळी दोन गोष्टी मी तिला सांगितल्या नव्हत्या, कारण त्या मलाच माहीत नव्हत्या. पहिली, गुणांची बेरीज नंतर पाहिली तर ती दुसरी उडी नसती तरीही सुवर्णपदक अमेरिकेचंच होतं. त्या क्षणी ते कोणाला नक्की माहीत नव्हतं हे खरं. पण कोणी थांबून हिशोब करावा इतकं तिच्या पायाचं मोल कोणाला वाटलं नाही हेही खरं. त्या दुखापतीमुळे पुढच्या वैयक्तिक अंतिम फेऱ्यांत तिला उतरताच आलं नाही. दुसरी गोष्ट त्याच संघातल्या डॉमिनिक मोचानूची. ती चौदा वर्षांची होती, नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर असताना खेळत होती. बीमच्या अंतिम फेरीत ती डोक्यावर आपटली. मानेची कोणतीही तपासणी न होता काही मिनिटांतच ती फ्लोअरच्या अंतिम फेरीत उतरली. हे तिने स्वतः पंचवीस वर्षांनी, २०२१ मध्ये लिहिलं. आपल्या प्रकृतीबद्दल आपल्याला काही म्हणता येतं असं ऑलिंपिकमध्ये खेळताना आपल्याला कधी वाटलंच नाही, असंही ती म्हणाली.

ती हे तेव्हा बोलली, कारण त्याच आठवड्यात सिमोन बाइल्स थांबली होती. २७ जुलै २०२१, टोकियो. पहिल्याच व्हॉल्टमध्ये हवेत अडीच गिरक्यांऐवजी दीडच झाल्या. आपण हवेत नेमके कुठे आहोत हे शरीराला कळेनासं होतं, त्याला जिम्नॅस्ट 'ट्विस्टीज' म्हणतात. अशा वेळी उडी मारणं म्हणजे मान पणाला लावणं. ती बाहेर बसली आणि तिचा संघ रौप्यपदक घेऊन आला. तुम्हाला आठवत असेल, किती लोकांनी तिला पळपुटी म्हटलं! आपल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर "केरी स्ट्रग बघा आणि ही बघा" असे निरोप फिरले होते. २०२४ मध्ये पॅरिसला ती परत आली आणि तिने तीन सुवर्णपदकं घेतली. पण माझा मुद्दा पदकांचा नाही. ती परत आली नसती तरी तिचा निर्णय तितकाच बरोबर ठरला असता. थांबण्याचा निर्णय नंतरच्या यशाने योग्य ठरवायची सवय लागली, की ज्याला नंतर यश मिळत नाही त्याचं थांबणं चुकीचं ठरतं. आपली बहुतेक मुलं ऑलिंपिकला जाणार नाहीत. त्यांच्या थांबण्याला पदकाची पावती मिळणार नाही.

इथे तुम्ही म्हणाल, आणि मीही हेच म्हणत होते, की तिला स्वतःलाच जायचं असतं हो! आम्ही कुठे जबरदस्ती करतो? रजा घे म्हटलं तर ती रडते.

हा सगळ्यात अवघड मुद्दा आहे. आमची मुलगीही रडली. तीन महिने जिम बंद म्हटल्यावर तिने दोन दिवस धड जेवण केलं नाही. तिची आवड खरी होती. पण आवड खरी असणं आणि संमती खरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमती खरी कधी? नकार देणंही तितकंच शक्य असेल तेव्हा. आता विचार करा, नकाराची किंमत तिच्यासाठी काय होती? तिच्या सगळ्या मैत्रिणी जिममध्ये. बाजूला बसलं की कोच रागावत नाहीत, पण बघतही नाहीत. आई-बाबांचे वीकेंड, पैसे, गाडीतले तास हे सगळं आपल्यासाठी चाललंय हे अकरा वर्षांच्या मुलीला पक्कं कळतं. आजी-आजोबांपर्यंत फोटो जातात. एवढं सगळं 'हो'च्या पारड्यात आणि दुसऱ्या पारड्यात फक्त पाठीतली एक चमक. जिला 'नको' म्हणणं परवडत नाही, तिच्या 'हो'वर आपण आपला निर्णय सोडून मोकळं होऊ शकत नाही.

आणि 'नको' म्हणू न देण्याची ही सवय फक्त हाडांपाशी थांबत नाही. रेचल डेनहॉलंडर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. २००० साली, पंधरा वर्षांची असताना, मिशिगनमधली ही जिम्नॅस्ट पाठदुखीसाठी एका नामांकित डॉक्टरकडे गेली. तो डॉक्टर म्हणजे लॅरी नासर. राष्ट्रीय संघाचा डॉक्टर, मिशिगन स्टेट विद्यापीठातला प्रतिष्ठित माणूस. उपचाराच्या नावाखाली त्याने तिच्यावर अत्याचार केले, आणि तिची आई त्याच खोलीत बसलेली होती. डॉक्टर अशा जागी उभा राहायचा की आईला काही दिसू नये. २०१६ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार' या वृत्तपत्राकडे डेनहॉलंडर स्वतःचं नाव देऊन पुढे आली. जानेवारी २०१८ मध्ये कोर्टात दीडशेहून अधिक जणींनी आपली कहाणी सांगितली आणि नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी वर्षानुवर्षं अनेक मुलींनी मोठ्या माणसांना सांगून पाहिलं होतं. त्यांना सांगण्यात आलं, तुझा गैरसमज झालाय.

मी हे वाचलं तेव्हा प्रत्येक डॉक्टरवर संशय घ्यायला हवा असं मला वाटलं नाही. मला वाटलं ते हे की, जी मुलगी "दुखतंय" म्हटल्यावर "थोडं सहन कर" ऐकत मोठी होते, ती शरीराला नकोसं झालेलं काहीही सांगायचं सोडून देते. आपलं शरीर जे सांगतं त्यापेक्षा मोठी माणसं सांगतात ते खरं, हे ती शिकून बसते. पाठीचं दुखणं ऐकून घेणं ही म्हणूनच केवळ पाठीची काळजी नाही. उद्या कुठेही, कोणाहीसमोर, "हे मला नको आहे" असं म्हणण्याची ती तालीम आहे. इथे आता कायदा झाला आहे, सेफस्पोर्ट नावाची संस्था आहे. मोठा माणूस आणि अल्पवयीन खेळाडू एकटे असतील तेव्हा इतरांना ते दिसलं पाहिजे आणि मध्ये जाता आलं पाहिजे, असा नियम आहे. तुमच्या जिममध्ये तो पाळला जातो का ते विचारा. विचारताना संकोच वाटू देऊ नका.

मग करायचं काय? जिम्नॅस्टिक्स बंद करायचं? मी तसं म्हणत नाही. या खेळाने हाडं मजबूत होतात, तोल येतो, भीतीशी दोन हात करायची सवय लागते. माझ्या मुलीला बीमवर, चार फूट उंच आणि चार इंच रुंद पट्टीवर, शांत उभं राहिलेलं मी पाहिलं आहे. ती शांतता तिला दुसरं कशानेही मिळाली नसती. जोखीम नसलेलं बालपण मला द्यायचं नाही आणि देताही येणार नाही. झाडावर चढणारं मूल पडतंच. पण झाडावर चढलेलं मूल दमलं की खाली उतरतं, आणि ते उतरलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. एवढी मोकळीक जिममध्ये आणायची, हे आपलं काम आहे.

काही गोष्टी आम्ही ठरवल्या, त्या सांगते. उपदेश म्हणून नाही, तुम्हाला उपयोगी पडल्या तर पडतील.

पहिली, तासांचा हिशोब. इथल्या अॅथलेटिक ट्रेनर्सच्या राष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये साधा ठोकताळा दिला आहे की मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्याला संघटित खेळात घालवू नयेत, आणि आठवड्यातून दोन दिवस विश्रांती हवी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सही आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने एका खेळापासून सुट्टी घ्यायला सांगते. अकरा वर्षांच्या मुलीचे सोळा तास या कुठल्याच हिशोबात बसत नव्हते. हे आकडे गुप्त नाहीत, आम्हीच कधी शोधले नव्हते. गाडी घेताना आम्ही चार महिने तुलना केली होती.

दुसरी, शब्द. आता गाडीत मी "कसं झालं?" एवढ्यावर थांबत नाही. "आज काय आंबलंय? कुठे चमक आली का?" असं विचारते. आंबलं असेल तर गरम पाण्याने अंघोळ आणि झोप. चमक असेल, एकाच जागी असेल, मागे झुकल्यावर वाढत असेल, तर दुसऱ्या दिवशी त्या कमानी बंद. दोन आठवड्यांत गेलं नाही तर डॉक्टर. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात जाणारी कळ किंवा मुंग्या यांसाठी तर वाटही बघायची नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कठीण गेली. ती म्हणजे थांबण्याची किंमत आपण भरायची, मुलाने नाही. हॉटेलचे पैसे बुडाले तर ते आमचे बुडाले. त्याचा उल्लेखही तिच्यासमोर करायचा नाही, उसासाही टाकायचा नाही. मुलं उसासे फार छान वाचतात. कोचशी बोलायचं ते आम्ही. तिने कोचला "आई-बाबा नाही म्हणतात" असं सांगून आमच्यावर ढकललं तरी चालेल. वाईटपणा घ्यायला आई-बाप असतातच.

यात आपल्या लोकांची एक खास अडचण आहे, ती मान्य करून टाकू या. आपल्यापैकी अनेकांना मुलांच्या खेळातून कॉलेजचा अर्ज दिसत असतो. मला दिसत होता. 'चिकाटी' या विषयावरचा तिचा निबंध मी मनातल्या मनात लिहायलाही घेतला होता, दुखापत होऊनही ती कशी थांबली नाही वगैरे. तिची पाठ दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी. हे लिहिताना लाज वाटते, पण तुमच्यापैकी काहीजणींनी असाच एखादा निबंध मनात लिहिला असेल असं मला वाटतं.

आणि आपण स्वतः काय करतो तेही मुलं बघतात. दिवसभर लॅपटॉपसमोर वाकून माझी मान धरते. मी दोन आयबुप्रोफेन घेते आणि पुढच्या कॉलला बसते. "तुला दुखतंय तर तू का नाही थांबत?" असं मुलीने विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती शिकली होती ते जिममध्ये शिकण्याआधी घरातच.

तीन महिन्यांनी ती जिममध्ये परतली. आधी नुसते पोटाचे आणि नितंबांचे व्यायाम, मग खांदे मोकळे करणं, मग हळूहळू कमानी. तास निम्मे केले. तिच्या गटातल्या मुली पुढच्या लेव्हलला गेल्या, ती गेली नाही. तिला वाईट वाटतं. मलाही वाटतं, ते मी लपवत नाही, पण तिच्यासमोर मांडतही नाही. पुढे ती हा खेळ करेल की सोडेल, मला माहीत नाही. तडा पूर्ण भरला आहे की नाही हेही तिची पाठच पुढची काही वर्षं सांगत राहील. ऐकायला आम्ही जागे असलो म्हणजे झालं.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आमचे उस्ताद मूल खांबावर चढायच्या आधी त्याच्या पाठीवरून हात फिरवायचे. आम्हाला वाटायचं आशीर्वाद देतात. आता वाटतं, तपासत असतील."

उस्ताद खरंच तपासत असतील की नाही, कोण जाणे. पण तुमचं मूल आज रात्री जिममधून, नाचाच्या क्लासमधून, क्रिकेटच्या नेटमधून गाडीत येऊन बसलं, की त्याला गुण, लेव्हल, पुढची स्पर्धा विचारायच्या आधी एवढं एक विचारून बघा. "कुठे काही सलतंय का रे?" आणि त्याने हो म्हटलं, तर शनिवारचं काय हा प्रश्न निदान त्या रात्रीपुरता गिळून टाका. मला तो गिळता आला नव्हता.